सहा आठवडे पुस्तकं कपाटात



होमस्कूलिंग म्हटलं की आपल्या लोकांत दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली तोंडावर: "अरे वा, धाडसी आहात!" दुसरी आपली गाडी पार्किंगमधून बाहेर पडल्यावर: "पोरीचं नुकसान करतायत." आम्ही यंदा फेब्रुवारीत घरातलीही पाठ्यपुस्तकं सहा आठवड्यांसाठी कपाटात टाकली, तेव्हा खरं सांगतो, दुसऱ्या प्रतिक्रियेत मी स्वतःही सामील होतो.

थोडी पार्श्वभूमी. क्लायंट बदलत गेले तशी दोन वर्षांत आमची तीन गावं झाली आणि कन्येच्या तीन शाळा. पश्चिम पेनसिल्व्हेनियात आल्यावर बायको म्हणाली, आता चौथी नको, हिला थोडे दिवस घरीच शिकवू. ती शिक्षणाने आर्किटेक्ट, सध्या एच-फोरवर, म्हणजे "घरीच असते ना" या सदरात मोडणारी. ते "थोडे दिवस" अजून चालू आहेत.

शेजारच्या न्यू जर्सीत होमस्कूलिंग करायचं तर आधी कुणाला कळवावंही लागत नाही. आमच्याकडे मात्र १९८८ चा कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास भरायचे, वापरलेल्या पुस्तकांच्या नावांसकट नोंदवही ठेवायची, वर्षाअखेर मूल्यमापक कामाची फाइल बघणार आणि मुलीशी बोलणार. शिवाय तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी, आणि ती आईबापांनी घ्यायची नाही. शिकवायच्या विषयांत गणित, विज्ञान, भूगोल, संगीत वगैरेंबरोबर आगीचे धोके आणि त्यांपासून बचाव हाही आहे, तोही नियमितपणे. आमची कन्या यंदा तिसरीत.

चाचणीचं वर्ष म्हणून मी माझ्या स्वभावानुसार एक्सेल शीट उघडली. रोज गणिताची पाच पानं, इंग्रजीची तीन, शुक्रवारी उजळणी. दर आठवड्याला हिरवी रेघ खाली सरकताना बघून मला जो आनंद व्हायचा, तो ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्टने दिला नव्हता.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री वही तपासत होतो. एका वजाबाकीचं उत्तर चुकलेलं दिसलं. मागची उत्तरसूची बघितली, तर तिथेही तेच. पुन्हा करून पाहिलं. उत्तरसूचीत छपाईची चूक होती, आणि नेमकी तीच चूक पोरीच्या वहीत! मागची पानं चाळली. चौदा पानं, सगळी बरोबर, आणि कच्च्या कामाचा एक आकडा नाही.

मी आवाज चढवला. ती रडली नाही. म्हणाली, "पण बाबा, तुला पानं हवी होती ना?"

मंडळी, मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. टेस्ट सगळ्या पास आणि फीचर बंद, हे मी कितीदा बघितलंय. जे मोजाल तेच मिळतं हे ऑफिसात ज्युनिअरांना ऐकवणारा माणूस आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीच चूक करत होता. बायको म्हणाली, "सहा आठवडे हे सगळं बंद." मी पाढे आणि मराठी वाचन, रोज मिळून वीस मिनिटं, एवढं वाचवलं. बाकी पुस्तकं कपाटात.

पहिला आठवडा वाया गेला. पोरगी पडून होती, कार्टून बघत होती, आणि मी मनात ९०० तासांची वजाबाकी करत होतो. मग बायकोने इंडियन स्टोअरच्या चिंचेतले चार चिंचोके भाजून, फोडून दोन-दोन दळं केली आणि पुठ्ठ्यावर अष्टाचंग्याचा पट आखला. चार दळं टाकायची, पांढऱ्या बाजू मोजायच्या. चारही पांढरी तर चार, चारही तपकिरी तर आठ. चार-पाच डाव झाल्यावर कन्येची तक्रार आली की आठ सारखे पडतात आणि चार पडतच नाहीत.

मी रुबाबात सांगितलं की असं नसतं, दोन्हीची शक्यता सारखीच. चार नाणी घेऊन १६० वेळा टाक, प्रत्येकी साधारण दहा वेळा येतील. तिने नाण्यांचं केलं, आलं तसंच जवळपास. मग माझं न ऐकता चिंचोक्यांचंही केलं. आठ आले २३ वेळा, चार फक्त ३ वेळा! "चिंचोका चीटिंग करतो," असा निष्कर्ष. का करतो, यावर दोन दिवस गेले. शेवटी तिनेच दाखवलं की सपाट पांढरी बाजू खाली टेकून बसते आणि फुगीर तपकिरी वर राहते. मला संभाव्यता शिकवली गेली ती बारावीत, पांढऱ्या आणि लाल चेंडूंच्या पिशवीतून. ती पिशवी मी आयुष्यात कधी पाहिली नाही.

फेब्रुवारीअखेर रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असं सुरू झालं की इकडे मेपलच्या झाडांतून रस गळायला लागतो. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या दोन झाडांना नळ्या ठोकून दिल्या. आठवड्यात पाच गॅलन रस जमला. चवीला पाणीच, त्यात साखर जेमतेम दोन टक्के. अंगणात गॅसच्या शेगडीवर दिवसभर आटवला, तेव्हा एक पाइंट पाक निघाला. म्हणजे चाळीसाला एक. नोंदवहीत त्या दिवसापुढे बायकोने लिहिलं: विज्ञान, गणित, भूगोल, आगीपासून बचाव.

माझे बाबा सांगलीकडे गणिताचे शिक्षक होते. दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाढे कुठवर आले?" त्या रविवारी नातीने त्यांना वाफेचा व्हिडिओ दाखवला आणि म्हातारा सुटला. गुऱ्हाळ, काहील, चुलवण, मळी कशी काढायची, पाक आला हे गुळव्या कसं ओळखतो, हे सगळं तासभर. मग त्यांनी हिशोब घातला. उसाच्या रसात शंभरात सोळा भाग साखर धर, तुमच्या झाडाच्या पाण्यात दोन, तर तेवढ्याच साखरेला रस कुणाला किती पट? तिने तोंडी आठ पट सांगितलं. पुढे पाकात साखर शंभरात ६६, म्हणजे ३३ किलो रसाचा एक किलो पाक. पण आपले तर चाळीस आले! बाबा म्हणाले, तू मापाने मोजलंस, मी वजनाने. पाण्याचा कप तोल आणि पाकाचा कप तोल. पाणी २३७ ग्रॅम, आणि पाक खरा जमला तर ३१५ च्या आसपास हवा. आमचा त्याहून हलका भरला, म्हणजे अजून आटवायला हवा होता. तो तसाच थालीपिठाबरोबर संपला.

हे सगळं वाचून लगेच पुस्तकं रद्दीत घालू नका. त्या सहा आठवड्यांत सात आठे छप्पन्न दोनदा चौपन्न झाले, पाढे रोज म्हणूनसुद्धा. स्पेलिंग जाणवण्याइतकं बिघडलं. भागाकाराची मांडणी ती विसरलीच होती. आणि वर्कबुकचं पान देऊन आई अर्धा तास मोकळी होते. चिंचोक्यांत ती मोकळी होत नाही. "खेळातून शिक्षण हे ऑफिसातून आल्यावर बोलायला छान आहे," हे वाक्य मी दोनदा ऐकलं. तेव्हापासून शनिवार माझ्याकडे आहे. पहिल्या शनिवारी दुपारी दोनला माझ्याकडचं सगळं संपलं होतं.

हे अमेरिकन फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, कुरणशाळा. आणि आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्यात आयुकामध्ये वर्षानुवर्षं काड्या, रबर ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून विज्ञान शिकवत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवरची पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. आमचे निम्मे शनिवार त्यांवरच निघाले.

माझी खरी भीती वेगळीच आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आपलं काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. परत जायची वेळ आली तर या मुलीला कुठली शाळा घेईल? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, एनआयओएसच्या परीक्षांचा मार्गही आहे. कागदावर सगळं ठीक. रात्री दोन वाजता कागद आठवत नाही, एवढंच.

मार्चच्या मध्यावर पुस्तकं परत टेबलावर आली. आता रोज दोनच पानं, आणि प्रत्येक पानावरचं एक गणित तिने माझ्यासाठी घालायचं. परवाचं होतं: चिंचोका चीटिंग करत असेल तर सात पडायला कितीदा टाकावा लागेल? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तर ती हसायला लागली. अष्टाचंग्यात सात पडतच नाहीत. चाचणी मे महिन्यात आहे.