गैरहजेरी म्हणजे गैरवर्तन नव्हे!

पोलीस खात्यातील एखादा शिपाई अथवा फौजदार काही दिवस कामावर आला नाही, की 'विनापरवाना गैरहजर' असा शेरा मारावयाचा, त्यालाच 'गैरवर्तन' हे नाव द्यावयाचे आणि चौकशीचा देखावा उरकून त्यास बडतर्फ करावयाचे, ही रीत कित्येक अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. शिस्तीच्या खात्यात न्यायान्यायाचा घोळ कशाला, असे वर हेच विचारतात! आम्ही विचारतो, शिस्त काय ती फक्त खालच्यानेच पाळावयाची?

आरोप कळवून व बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्यावाचून सरकारी सेवकास बडतर्फ करता येत नाही, असे संविधानाचा ३११ वा अनुच्छेद सांगतो. पोलिसाचा गणवेश चढविल्याने हा हक्क गळून पडत नाही. गुप्तवार्ता विभागातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले, की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे चौकशीत सिद्ध झालेच पाहिजे. आजार, अपघात अशा अगतिक कारणाने घडलेली गैरहजेरी गैरवर्तन ठरत नाही. १९९६ साली सुरू झालेली ती कारवाई अखेर रद्द झाली, पण मागील पगार मिळाला निम्माच. उरलेला निम्मा कोणाच्या नावे मांडावा?

बेबंदपणाची पाठराखण आम्ही करीत नाही. सरकारी रिव्हॉल्व्हर लटकावून दारूच्या नशेत बसस्थानकावर भटकणाऱ्या पंजाबातील शिपायाची बडतर्फी त्याच न्यायालयाने १९९२ साली कायम केली, ती योग्यच होय. परंतु 'चौकशी व्यवहार्य नाही' एवढे लिहून चौकशीलाच फाटा देण्याची जी मुभा त्या अनुच्छेदात आहे, तिची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अंथरुणाला खिळलेल्या शिपायाची चौकशी व्यवहार्य नव्हती, हे कोणत्या तोंडाने लिहिणार?

ज्यांच्या घरातील पहिलाच मुलगा सरकारी नोकरीत शिरला आहे, त्या बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे: नोटीस आली म्हणून भिऊन घरी बसू नका, नाही तर एकतर्फी चौकशी होईल. दोषारोपपत्रास लेखी उत्तर द्या, डॉक्टरचा दाखला व रजेच्या अर्जाची पोच जोडा. चौकशी अहवालाची प्रत मागा. १९९३ च्या निकालान्वये तो तुमचा हक्क आहे. खात्यातील अपील फेटाळले गेले, तर त्या आदेशापासून एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. ते वर्ष साहेबांच्या बंगल्यावर खेटे घालण्यात घालवू नका.