कट्टा उमर्टीचा, पण गिऱ्हाईक कुठलं?

गावठी कट्टा पकडल्याची बातमी आली की आपण लगेच बोट दाखवतो ते उमर्टीकडे. चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव. तिथे कट्टे बनतात हे आता लहान पोराला पण माहीत आहे. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या जळगाव जिल्ह्याचे पोलीस तिथे कारवाईला गेले, तर त्यांच्यावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेलं. नंतर सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या तोडल्या. पुण्याचे पोलीस एवढ्या लांब का आले? कारण पुण्यात सापडलेल्या पिस्तुलांचा माग तिथपर्यंत गेला.

हे सगळं खरं. पण भट्टी पेटते ती गिऱ्हाईक असतं म्हणून. आणि गिऱ्हाईक उमर्टीचं नसतं भाऊ. बातमीतला फोटो आठवा. टेबलावर कट्टा, बाजूला दोन जिवंत काडतुसं, मागे रुमाल बांधून उभी केलेली पोरं. ती आपल्याच भागातली असतात. वय वीस-बावीस. कोणाशी जन्माचं वैर नाही. कंबरेला खोचायचा, वाढदिवसाला रील टाकायची, खाली आपण लिहायचं, "किंग भाऊ". बस, एवढ्यासाठी.

या पोरांना कायदा कोणी सांगितलेलाच नाही, म्हणून लिहितो. शस्त्र कायदा 1959 चा, पण 2019 च्या दुरुस्तीनं तो फार कडक झाला. विनापरवाना कट्टा नुसता जवळ सापडला तरी कमीत कमी 2 वर्षं, जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आणि वर दंड. गोळी झाडलीच पाहिजे असं नाही. मित्राचा होता, फोटोपुरता घेतला, हे सांगून सुटका होत नाही. हत्यार प्रतिबंधित प्रकारातलं निघालं तर 7 ते 14 वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, मग बंदूक परवान्याची का असेना.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. मोबाईलवर व्हिडिओ बघून काही जणांना वाटतं, पिस्तुलाची नळी बदलू, .32 चं 9 एमएम करू, त्यात काय एवढं. आपल्याकडे सामान्य माणसाला परवाना मिळतो तो .32 सारख्या बोअरचा. 9 एमएम प्रतिबंधित आहे. एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणं 2019 पासून कायद्यानं स्वतंत्रपणे गुन्हा ठरवलंय. शिक्षा कारखाना टाकणाऱ्याइतकीच. कमीत कमी 7 वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत. परवाना असलेला माणूस पण यात अडकतो.

आणि जीवाचं काय? सरकारी फॅक्टरीतलं हत्यार बाहेर पडण्याआधी जादा दाबाचं काडतूस उडवून तपासतात. घरी खटपट केलेल्या नळीची तपासणी कोण करतं? तुमचा हातच करतो. नळी फुटली तर बोटं जातात, डोळा जातो. दवाखान्यात गेलं की पोलीस पण येतात.

काही जण म्हणतील, शेतात चोऱ्या होतात, रात्री एकटं राहावं लागतं, स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलं तर काय बिघडलं? गरज खरी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करा. परवाना मिळायला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, मान्य. पण कट्ट्यानं शेताचं रक्षण होत नाही. घरातलं भांडण मात्र खुनापर्यंत जातं. काठीनं डोकं फुटतं, ते शिवता येतं.

उमर्टीबद्दल पण एक बोलायचंय. तिथले बरेच कारागीर शिकलगर समाजाचे. हत्यारं घडवणं, त्यांना झिलई देणं हे त्यांचं पिढीजात काम. सगळ्या समाजाला गुन्हेगार म्हणणं मला पटत नाही. साध्या भट्टीवर, हातानं लोखंडाला आकार देणारा माणूस लेथवर, वर्कशॉपमध्ये सोन्यासारखं काम करेल. भट्ट्या तोडल्या आणि दुसरं काम दिलं नाही, तर त्या पुन्हा पेटणारच. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी बसून यावर बोलायला पाहिजे. आणि आपल्या पोलिसांनी कट्टा धरणाऱ्या पोराचा फोटो काढून थांबू नये. पैसे कोणी दिले, मधला दलाल कोण, तिथपर्यंत जावं.

पण सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. पिंपळनेर असो की साक्री, पोरगा कट्टा घेऊन रील टाकतो तेव्हा त्याला लाईक देणारे आपण आहोत. उद्या त्याच्या बापाला वकिलाच्या फीसाठी कांदा-कपाशीचे पैसे मोडावे लागतील, तेव्हा "किंग भाऊ" लिहिणारा एक पण कोर्टात येणार नाही. पोलीस पडताळणीत गुन्हा दिसला की भरतीचं स्वप्न संपलं. पहाटे मैदानावर धावणारी आपली किती पोरं भरतीच्या आशेवर आहेत, बघा जरा.

म्हणून सांगतो, तशी रील दिसली तर लाईक देऊ नका. पोरगा ओळखीचा असेल तर त्याच्या घरी जाऊन बापाला, काकाला सांगा. राग येईल, येऊ द्या. जामिनासाठी धावण्यापेक्षा ते बरं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.