पिल्लाचे वय कार्डावर कोणी लिहायचे?

या पावसाळ्यात आमच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या सह्यांनी आली आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. दवाखाने निराळे, प्रकरण तेच. मालक नुकतेच घेतलेले पर्शियन पिल्लू घेऊन येतो. सोबत छापील लसीकरण कार्ड, त्यावर ‘वय दोन महिने, पहिली लस दिली’ अशी नोंद. लसीच्या बाटलीचे स्टिकर नाही, बॅच नंबर नाही. सही आहे, पण तिच्याखाली नोंदणी क्रमांक नाही. पिल्लाला उलट्या-जुलाब, ताप उतरून अंग गार पडू लागलेले, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. दोन-चार दिवसांत पिल्लू जाते आणि मालक विचारतो, ‘लस दिली होती ना, मग गेले कसे?’ विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला असतो, म्हणून या प्रश्नाचा मारा समोर बसलेल्या डॉक्टरवर होतो. पत्र लिहिणाऱ्यांचा संताप आम्हाला मान्य आहे. पण त्या कार्डावरची पहिली ओळ, वयाची, आपल्यापैकी किती जण पिल्लाचे तोंड उघडून पडताळतात? मालक ‘दोन महिने’ म्हणाला म्हणून आपणही आपल्या केसपेपरवर ‘दोन महिने’ लिहितो. विकणाऱ्याने सांगितलेले वय आपल्या लेटरहेडवर आले की ते खरे ठरते, आणि पुढच्या सगळ्या तारखा त्या चुकीच्या आकड्यावरून मोजल्या जातात.

पडताळायला लागतो अर्धा मिनिट. पटाशीचे दात आलेले आहेत आणि सुळे नुकते हिरडीबाहेर डोकावताहेत, तर पिल्लू महिन्याच्या आतबाहेरचे आहे. खालच्या दाढा दिसतात, पण वरच्या सुळ्यामागची ती बारीक, तांदळाच्या कणीएवढी प्रीमोलर अजून आलेली नाही, तर आठ आठवडे भरलेले नाहीत, मग कार्ड काहीही म्हणो. ती आली की दुधाचे 26 दात पूर्ण होतात. डोळ्यांचा बाळनिळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलू लागतो. बुबुळ अजून एकसारखे निळे असेल तर संशय घ्यावा, अर्थात पॉइंटेड रंगाच्या पिल्लांत ही खूण निरुपयोगी. वजनाने ताळा होतो, पण निर्णय वजनावर सोपवू नये. नीट पोसलेले पिल्लू आठव्या आठवड्यात आठशे-नऊशे ग्रॅमला पोचते, तर जंतांनी पोखरलेले तेवढ्याच वयाचे पिल्लू पाचशेवर अडकते. म्हणून आधी दात, मग काटा, आणि मालकाचे सांगणे सर्वांत शेवटी. हे सगळे आपण शिकलेलो आहोत. गर्दीच्या ओपीडीत ते बाजूला पडते.

वयाचा एवढा आग्रह कशासाठी, याचे पहिले उत्तर लसीतच आहे. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची पातळी उतरल्याशिवाय पॅनल्यूकची लस धरत नाही, आणि ती पातळी कधी उतरेल हे पिल्लागणिक बदलते. काहींत आठव्या आठवड्यात, काहींत सोळाव्यानंतरही. याच कारणासाठी जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना प्राथमिक मालिकेतली शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर द्यायला सांगतात, आणि 2024 च्या आवृत्तीत सव्विसाव्या आठवड्याच्या आणखी एका मात्रेची शिफारस आहे. आता उपनगरांतला रिवाज पाहा. ‘दोन महिन्यांची’ पहिली लस, चार आठवड्यांनी बूस्टर, मग एकदम वर्षाने. पिल्लू प्रत्यक्षात पाच आठवड्यांचे असेल तर त्याचा बूस्टर नवव्या आठवड्यात उरकला जातो. आईचे संरक्षण अजून लसीला अडवते आहे आणि आजाराला अडवण्याइतके मात्र उरलेले नाही, अशा नेमक्या दिवसांत आपण त्या घराला ‘लसीकरण पूर्ण’ असे सांगून मोकळे होतो. या चुकीसाठी कुठल्याही ब्रीडरला दोष देता येणार नाही. ती आपल्या टेबलावर होते.

दुसरे उत्तर स्वभावाचे. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 5,726 मांजरांची माहिती तपासली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता जास्त आढळली, आणि चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेल्यांत वागण्यातले दोष कमी. आपल्याकडे येणाऱ्या तक्रारी आठवून पाहा: हात ओरबाडणे, पांघरुणे चोखणे, पाहुण्यांवर धावून जाणे, लिटर ट्रेबाहेर घाण करणे. यांतल्या कितीतरी घरांत पिल्लू मुठीएवढे असताना आणलेले असते. यावर विक्रेत्यांचा ठरलेला युक्तिवाद असा, की लहान आणलेले पिल्लू माणसाला जास्त लळा लावते. समाजीकरणाचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा आहे, इथपर्यंत तो बरोबर आहे. त्या काळात पिल्लाला माणसाचा हात रोज लागायला हवा, हेही बरोबर. पण तो हात आई आणि भावंडे जवळ असतानाच लागायला हवा, कारण दात किती रोवायचा हे पिल्लू भावंडांच्या किंचाळण्यातून शिकते. ज्या घरात ते जन्मले त्या घराने ही जबाबदारी घ्यायची असते. पाचव्या आठवड्यात खोक्यात घालून दुचाकीवरून अंधेरी स्टेशनबाहेर पोचते करणाऱ्याला लळ्याच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार नाही.

आता सरकारी बाजू, आणि इथे आमचा संयम खरोखरच संपतो. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राने 2017 साली नियम केले. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, विक्रीपूर्वी मायक्रोचिप, आठ आठवड्यांखालच्या पिल्लाच्या विक्रीला बंदी. अंमलबजावणी किती होते हा वेगळा वाद, पण बोट ठेवायला कागद तरी आहे. मांजरांच्या पैदाशीसाठी असे नियमच नाहीत. 2018 चे पेट शॉप नियम मांजराला पाळीव प्राणी मानतात, ऑनलाइन विक्रीही त्यांच्या व्याख्येत येते. पण वन बीएचकेच्या बाल्कनीत तीन भाट्या आणि एक बोका ठेवून ‘डॉल फेस, ट्रिपल कोट, पॉटी ट्रेन्ड’ म्हणून व्हॉट्सअॅपवर पिल्ले विकणाऱ्याच्या दारापर्यंत तपासनीस पोचलेला आम्ही ऐकलेला नाही. मुंबईत परवाना म्हटले की तो कुत्र्याचा. पुणे महापालिकेने 2022 मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर विनोदच अधिक झाले. नोंद नसली की मांजराला जन्मतारीख नसते, विकणाऱ्याला पत्ता नसतो आणि टाकून देणाऱ्याला भीती नसते. प्राण्याला उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. अंधेरी स्टेशनवरून लोखंडवालाला रिक्षाने जायला याहून जास्त पैसे पडतात. 65 वर्षांत हा आकडा बदलायला कोणत्याही सरकारला सवड झाली नाही.

नोंदणीला आपल्यातल्याच काहींचा विरोध आहे. त्यांची शंका अशी, की यादी तयार झाली की सोसायट्यांचे पदाधिकारी तीच यादी घेऊन मांजरवाल्यांच्या मागे लागतील. भीती अनाठायी नाही. पण भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव प्राण्यांवर बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही हे स्पष्ट आहे, आणि भांडण झाले तर महापालिकेची नोंद व रेबीजच्या लसीचा दाखला मालकाच्याच हातात बळ देतो. कुत्रेवाल्यांचा अनुभव तोच आहे. कागदाविना पाळलेले मांजर सोसायटीच्या दृष्टीने भटकेच राहते.

याहून गंभीर आक्षेप रेस्क्यू करणाऱ्यांचा आहे. जिन्याखाली, मीटरबॉक्समागे, बंद गाळ्यात सापडलेल्या तीन आठवड्यांच्या पिल्लांना आई कुठून आणायची? त्यांनी आठ आठवडे थांबायचे म्हणजे मरायचेच का? मुळीच नाही. अशा पिल्लांसाठी फॉस्टर घरे आहेत, आणि उपनगरांत ती चालवणारी माणसे पदरमोड करून रात्री-बेरात्री बाटलीने दूध पाजतात, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांना विनंती दोनच. आई खरोखर गेली आहे का, हे काही तास लांबून पाहिल्याशिवाय पिल्ले उचलू नका. बऱ्याचदा ती अन्नाच्या शोधात गेलेली असते. आणि एका वेताची पिल्ले एकत्र ठेवा, दत्तक देताना शक्य तर जोडीने द्या. सहाव्या आठवड्याला लस सुरू करायला हरकत नाही, फॉस्टर घरात तर करावीच. पण लस टोचली म्हणजे पिल्लू द्यायला तयार झाले असे होत नाही. दत्तक दिलेल्या फोटोंची संख्या वाढवण्याच्या घाईत हा फरक विसरला जातो. तसेच दत्तक घेणाऱ्याच्या खिडक्या पाहिल्याशिवाय पिल्लू हातात देऊ नये. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर नखाने उसवते आणि दहाव्या मजल्यावरून खाली येते. बोरिवली आणि मुलुंडच्या जंगलाकडेच्या इमारतींत ‘रात्री फिरून येईल’ म्हणून मांजर सोडणाऱ्यांना बिबट्याची आठवण करून द्यायलाही संकोच नको.

कच्च्या वयाच्या पिल्लांचा पुरवठा जिथून होतो, तिथेही वयाचाच प्रश्न आहे. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकते, आपल्या हवामानात तिला हंगामाचे फारसे बंधन नाही, आणि गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. तरीही ‘एक वेत होऊ द्या, मग करू’ हा सल्ला अजून काही दवाखान्यांतून दिला जातो. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. पाचव्या महिन्यापर्यंत निर्बीजीकरण व्हावे, ही अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनेही मान्य केलेली भूमिका आहे. त्या एका वेतातली चार पिल्लेच पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी खोक्यात, पाचव्या आठवड्यात, ‘दोन महिन्यांची’ म्हणून फिरत असतात. महापालिका भटक्या मांजरांची शस्त्रक्रिया करते आणि आपण पाळीव मांजरीला एक वेत बहाल करतो, तेव्हा दोन्ही पैसे पाण्यात जातात.

‘आम्ही कडक झालो तर गिऱ्हाईक शेजारच्या दवाखान्यात जाईल,’ असेही काहींनी लिहिले आहे. जाईल, जोवर शेजारचा दवाखाना वेगळे वागतो. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांतल्या मांजरांच्या डॉक्टरांना एकमेकांचे नंबर ठाऊक आहेत. औषधांच्या कंपन्यांच्या जेवणाला जमतो, तसे या एका गोष्टीसाठी जमायला काय हरकत आहे? आणि मालकाला स्वच्छ सांगितले तर तो उठून जातोच असे नाही. ‘तुमचे पिल्लू दोन महिन्यांचे नाही, साडेपाच आठवड्यांचे आहे, म्हणून याला चार वेळा मऊ खाणे द्या, गाईचे दूध बंद करा, आणि लसीच्या तारखा अशा येतील’ असे सांगणाऱ्या डॉक्टरवर त्याचा विश्वास बसतो. विकणाऱ्याने फसवले हे पहिल्याच भेटीत कळलेला मालक पुढच्या दहा जणांना तिथून पिल्लू घेऊ देत नाही.

तेव्हा डॉक्टरमंडळी, या महिन्यापासून पहिल्या भेटीच्या कार्डावर चार गोष्टी स्वतःच्या हाताने लिहा: तपासणीची तारीख, दातांची स्थिती, वजन आणि त्यावरून तुम्ही ठरवलेले वय. आधीच्या कार्डावर बॅच नंबर नसेल तर ती लस दिलेलीच नाही असे धरून मालिका नव्याने सुरू करा. सोळाव्या आठवड्याच्या मात्रेची आणि पाचव्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच दिवशी टाकून द्या. जिथे जुन्या कार्डावरचे वय आणि तुम्ही ठरवलेले वय यांत दोन आठवड्यांहून अधिक तफावत दिसेल, त्या दोन्ही नोंदींची प्रत मालकाचे नाव झाकून आमच्याकडे पाठवा. मांजरांच्या पैदाशीचे नियम करा, असे निवेदन राज्य प्राणी कल्याण मंडळ आणि पशुसंवर्धन विभागाला द्यायचे आहे, आणि त्याला पुरावा म्हणून ही कार्डे जोडायची आहेत. दिवाळीपूर्वी ती आमच्या हाती पडावीत.