मथळ्यातून गाळलेला कर्ता

वृत्तपत्राचा मथळा पाच-सात शब्दांचा असतो आणि त्यात क्रियापद क्वचितच येते. क्रियापद गेले तरी मराठीत विभक्ती राहते, त्यामुळे अर्थाचा पूर्ण गोंधळ सहसा होत नाही. संदिग्धता शिरते ती बहुधा षष्ठीतून. ‘केळी व्यापाऱ्याची फसवणूक’ एवढ्यावरून व्यापारी फसला की व्यापाऱ्याने फसवले, हे कळत नाही. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी हे प्रमुख नगदी पीक आहे. तिथला शेतकरी हा मथळा एका अर्थाने वाचील, बाजारातला व्यापारी दुसऱ्या. ज्याला जो अनुभव आला, त्याला तो अर्थ आधी सुचतो आणि खालची बातमी वाचायची गरजच वाटत नाही. अशी चूक बहुतेक वेळा घाईत होते. ‘व्यापाऱ्याला गंडा’ किंवा ‘व्यापाऱ्याकडून फसवणूक’ असे लिहिले की ती सुधारते.

दुसऱ्या जातीची संदिग्धता इतक्या सहजी सुधारत नाही, कारण तिच्यात कुणाचा तरी लाभ असतो. गोष्ट कुणी केली आणि ती कुणी सांगितली, या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मथळ्यातून गाळले जाते. कोणते गाळायचे, हे जागेच्या टंचाईवर ठरत नाही. कृती सरकारी यंत्रणेची असेल तर करणारा गळतो. आरोप सरकारी यंत्रणेचा असेल तर सांगणारा गळतो. जून २०१७ मध्ये मध्य प्रदेशात बारा दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसते.

६ जून रोजी मंदसौर जिल्ह्यातील पिपलियामंडी येथे शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला आणि त्यात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पोलिसांनी गोळ्या झाडल्याच नाहीत, असे राज्याचे गृहमंत्री भूपेंद्र सिंह यांनी सुरुवातीला सांगितले. गोळीबार पोलिसांचाच होता, हे त्यांनी ८ जूनला मान्य केले. अशा मधल्या काळात ‘गोळीबारात शेतकरी ठार’ या धाटणीचा मथळा व्याकरणाने निर्दोष असतो आणि सरकारच्या सोयीचाही. मरणारे त्यात असतात, गोळी झाडणारे नसतात. कबुलीनंतर मात्र ‘पोलीस गोळीबार’ लिहिण्यात कसलीच अडचण उरत नाही. तरीही कर्ता गाळायची सवय टिकून राहते.

१८ जूनला लंडनमधील ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने भारताला १८० धावांनी हरवले. त्यानंतर बऱ्हाणपूर जिल्ह्यातील मोहद या खेड्यातून शाहपूर पोलिसांनी १५ मुस्लिम ग्रामस्थांना अटक केली. त्यांनी फटाके फोडले, मिठाई वाटली आणि पाकिस्तानच्या बाजूने घोषणा दिल्या, असा पोलिसांचा आरोप होता. भारतीय दंड संहितेची १२४अ आणि १२०ब, म्हणजे राजद्रोह आणि गुन्हेगारी कट, अशी कलमे त्यांच्यावर लावली गेली. बातमी देशभर पोहोचली.

मराठीत अशा बातमीचा मथळा ठरलेल्या साच्यात बसतो: ‘पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याप्रकरणी १५ जण अटकेत’. सारा प्रश्न ‘केल्याप्रकरणी’ या शब्दात आहे. जल्लोष झाला, हे तो गृहीत धरतो. वाचकापुढे प्रश्न ठेवतो तो फक्त अटकेचा. जल्लोष खरोखर झाला का, कुणी पाहिला, कुणी सांगितला, हे विचारायला त्यात जागाच राहत नाही. ‘केल्याच्या आरोपावरून’ असे लिहिले तर एक शब्द वाढतो आणि अर्थ पालटतो. हिंदी मथळ्यांत ‘कथित’ हा शब्द हेच काम करतो. पण तो मंत्र्यांवरच्या आरोपांच्या बातमीत जितका आठवणीने वापरला जातो, तितका खेड्यातल्या मजुरांच्या बातमीत वापरला जात नाही.

मोहदच्या बाबतीत जल्लोषाचाच पुरावा नव्हता. काही दिवसांतच पोलिसांनी राजद्रोहाचे कलम मागे घेतले आणि त्या जागी समाजांमध्ये वैर वाढवण्यासंबंधीचे १५३अ हे कलम लावले. ज्याच्या नावावर तक्रार नोंदवली होती तो गावातलाच हिंदू शेजारी. अशा घोषणा आपण ऐकल्याच नाहीत आणि तशी तक्रारही दिली नाही, असे त्याने उघडपणे सांगितले. आरोपी जामिनावर सुटले, पण खटला चालूच राहिला. त्यांतल्या एकाने २०१९ मध्ये आत्महत्या केली. उरलेल्यांना न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्दोष सोडले. घोषणा दिल्या होत्या असे घटकाभर मानले, तरी नुसत्या घोषणांनी राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग खटल्यात १९९५ सालीच सांगितले होते. म्हणजे २०१७ चा मथळा वस्तुस्थितीवर टिकत नव्हता आणि कायद्यावरही टिकत नव्हता. तरी सहा वर्षे त्या गावाची देशभरची ओळख त्या मथळ्याने ठरवली. ज्यांच्यावर तो छापला गेला त्यांना गावात, बाजारात, कामावर त्याच नावाने वावरावे लागले. हा अन्याय पोलीस ठाण्यात सुरू झाला खरा, पण घराघरांत पोहोचवला तो मथळ्यांनी, आणि त्यातला आपला वाटा वृत्तपत्रांनी कबूल करायला हवा.

मथळ्यात संदिग्धता येण्याची आणखी एक वाट म्हणजे एखाद्या धंद्यातला पारिभाषिक शब्द सामान्य अर्थाने वाचला जाणे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी याच जिल्ह्यात, मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातील सागफाटा स्थानकाजवळ, लष्कराच्या एका विशेष गाडीखाली रुळांवर डेटोनेटर वाजले. चालकाने गाडी थांबवून स्टेशन मास्तरला कळवले. काही दिवसांनी ही बातमी फुटली, तेव्हा ‘लष्कराची रेल्वे उडवण्याचा कट’ या अंगाने ती देशभर गेली. रेल्वेच्या भाषेत डेटोनेटर म्हणजे धुक्यात किंवा पुढे धोका असताना रुळावर बसवायचा फटाका. चाक वरून गेले की तो मोठ्याने वाजतो आणि चालकाला इशारा मिळतो. त्याने गाडी उडत नाही. सापडलेले दहा डेटोनेटर याच प्रकारचे असल्याचे रेल्वेने सांगितले आणि ते चोरल्याच्या आरोपावरून रेल्वे सुरक्षा दलाने रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्याला पकडले. गुन्हा गंभीर होताच. पण चोरी आणि घातपात यांत अंतर आहे, आणि ते दाखवायला मथळ्यात ‘रेल्वेचे इशारा-फटाके’ एवढे दोन शब्द पुरले असते. भुसावळच्या कोणत्याही निवृत्त गँगमनने ते पाच मिनिटांत समजावून सांगितले असते.

सागफाट्याच्या शेजारीच नेपानगर आहे.  

त्याच नेपानगरच्या जंगलात या जिल्ह्यातला तिसरा नमुना सापडतो. २०२२-२३ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली आणि ‘अतिक्रमणकारी’ हा शब्द मथळ्यांत रुळला. त्या एका शब्दात दोन वेगळी माणसे कोंबली गेली: नव्याने झाडे तोडून जमीन बळकावणारे, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्यामुळे वनहक्क कायद्याखाली दावा केलेले आदिवासी. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला हटवता येत नाही, असे २००६ च्या त्या कायद्याचे कलम ४(५) सांगते. तेव्हा दावेदाराला अतिक्रमणकारी म्हणणे म्हणजे निकालाआधीच निकाल देणे. वृक्षतोडीविरुद्ध बोलणाऱ्या जागृत आदिवासी दलित संघटनेच्या एका कार्यकर्त्याला जिल्हाधिकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये वर्षभरासाठी तडीपार केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एका वर्षाने तो आदेश रद्द केला आणि सरकारला ५० हजार रुपयांचा दंडही ठोठावला. ‘तडीपार’ या शब्दाने अट्टल गुंडाचे चित्र उभे राहते. ते पुसायला वर्ष गेले.

सगळीच संदिग्धता वाईट हेतूची नसते. दंगलीच्या बातमीत ‘दोन गटांत हाणामारी’ लिहून समाजांची नावे टाळली जातात, ती आग भडकू नये म्हणून. हा संकेत योग्यच आहे. ‘विशिष्ट समुदाय’ हा शब्दप्रयोग मात्र काहीच झाकत नाही. तो नाव न घेता बोट दाखवतो आणि जबाबदारी वाचकावर टाकतो. तो टाकून द्यावा.

या बाबतीत नियम नाहीत असेही नाही. मथळा खालच्या मजकुराशी जुळणारा असावा, तो भडक नसावा आणि त्यात कुणावर आरोप असेल तर आरोप करणाऱ्याचा उल्लेख असावा, निदान अवतरणचिन्हे तरी असावीत, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे. ‘पोलिसांचा दावा’ हे दोन शब्द जोडले की ही अट पुरी होते. एका स्तंभाच्या मथळ्यातही ते मावतात. निर्दोष सुटल्याची बातमी अटकेच्या बातमीइतक्याच जागी आणि तितक्याच टाइपात छापणे, हेही कुठलाही संपादक आज, कायदा न बदलता, ठरवू शकतो.

परिषदेचा अधिकार मात्र तोकडा आहे. १९७८ च्या कायद्यानुसार ती ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तक्रारदाराने आधी संपादकाला लिहायचे, मग परिषदेकडे जायचे. दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असेल तर परिषद उशीर माफ करू शकते. मोहदच्या ग्रामस्थांना आपण निर्दोष असल्याचा निकाल हाती यायला सहा वर्षे आणि चार महिने लागले.