फराळाचे ताट आणि ओझोन

दिवाळीत गिरगावच्या चाळीत एक गंमत हमखास दिसते. जिच्या कढईतून शंभर करंज्या उतरल्या, तिच्याच डब्यात भाऊबीजेला खडखडाट! ताटे सगळी शेजारी गेलेली असतात.

आकाशात ओझोनचा कारभारही असाच आहे. या शब्दाचा ‘ओझ्या’शी संबंध नाही, मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘वास येणे’. आणि ओझे म्हणावे तर ते आहेच किती? मुंबईच्या डोक्यावरचा सारा ओझोन जमिनीवर आणून पसरला, तर थर जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटरांचा भरेल. सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवणारे आपले छत्र ते एवढेच.

आता असे पाहा, ओझोन घडतो सूर्यकिरणांनी आणि ऊन कडक ते आपल्या उष्ण कटिबंधात. मग साठा इथेच मोठा हवा. पण उत्तरेच्या थंड मुलखात वसंत ऋतूत हा थर चार मिलिमीटरांवर जातो! या कोड्याचा उलगडा ब्रूअर आणि डॉब्सन या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९४९ ते १९५६ या काळात केला. उष्ण कटिबंधातली हवा सावकाश वर चढते, तीसेक किलोमीटर उंचीवर तिच्यात ओझोन तयार होतो आणि मग ती ध्रुवांकडे सरकत हिवाळ्यात तिकडे खाली उतरते. कढई आपली, ताट शेजाऱ्याचे! आपल्याकडे अ‍ॅना मणी यांनी १९६०च्या दशकात पुण्यात ओझोन मोजणारे देशी यंत्र घडवले आणि ते फुग्याला बांधून आकाशात सोडले जाऊ लागले.

पण या वाटेने नुसता फराळ जात नाही. जुन्या फ्रीजमधला क्लोरोफ्लुरोकार्बन वायू, मग तो परळचा असो की पॅरिसचा, याच जिन्याने वर चढला. त्यातल्या क्लोरीनने दक्षिण ध्रुवावरच्या अतिथंड ढगांच्या साहाय्याने ओझोन खाल्ला. जिथे ना चाळ ना फ्रीज, तिथे छत्राला भगदाड पडल्याचे १९८५ साली जगाला कळले. १९८७ साली माँट्रियलला करार झाला. भारताने २००८ साली या वायूचे उत्पादन थांबवले. भगदाड आता हळूहळू भरते आहे. २०६६च्या सुमारास ते बुजेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या नातवंडांच्या काळात!

तेव्हा वाचकहो, जुना फ्रीज भंगारात देताना आतला गॅस कोण काढून घेणार, एवढे जरूर विचारा. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, म्हणून केर वर फेकून चालत नाही.