ऑपरेशन नागपुरात, पथ्य यवतमाळात

२०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या सभेत नितीन गडकरींनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना व्यासपीठावरूनच आव्हान दिलं. जितके किलो वजन उतरवाल, तितके हजार कोटी रुपये तुमच्या भागातल्या विकासकामांना. आपलंही वजन एकेकाळी १३५ किलो होतं, आता ९३ आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. सभेत हशा पिकला, वर्तमानपत्रांना मथळा मिळाला आणि फिरोजियांनी पुढच्या काही महिन्यांत खरोखरच बरंच वजन उतरवलं.

गडकरींनी २०११ च्या सप्टेंबरात, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे विदर्भात अनेकांना आठवत असेल. खाण्याची आवड कधीच न लपवणारा नागपूरचा माणूस असं ऑपरेशन करून घेतो म्हटल्यावर त्याची चर्चा व्हायचीच. ते स्वतः आज व्यायाम आणि प्राणायामाबद्दल भरभरून बोलतात. पण त्या ऑपरेशनपासून उज्जैनच्या सभेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. किलोंचा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो. एवढ्या वर्षांत रोजच्या ताटात काय होतं, हे कोणी विचारत नाही.

वजनाच्या बातम्या अशाच असतात. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा तिच्या वजनाचे आकडे रोज छापून येत होते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरात तिचं निधन झालं. आजार अनेक होते, प्रकरण गुंतागुंतीचं होतं. तरी लोकांच्या लक्षात राहिलं ते किती किलो होती आणि किती उतरली, एवढंच.

यवतमाळात बसून लठ्ठपणाच्या ऑपरेशनवर काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. शेतकरी आत्महत्या, कुपोषण, रक्तक्षय यांसाठी या जिल्ह्याचं नाव येतं. ते खरंच आहे. पण त्याच जिल्ह्यात दुकानाच्या गल्ल्यावर, बँकेत, शाळेत आणि तहसील कचेरीत दिवसभर बसून काम करणारा वर्गही आहे आणि पस्तिशीतच शुगर-बीपीच्या गोळ्या सुरू झालेली माणसं प्रत्येक आळीत सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. उपाशी आणि लठ्ठ, दोघंही आता एकाच गावात राहतात, कधी कधी एकाच घरात.

ऑपरेशन वाईट असंही नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराची बायपास सुरू केली, त्याला आता साठ वर्षं होत आली. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा पाठपुरावा झाला आणि ऑपरेशन झालेल्यांत मधुमेह व मृत्यू यांचं प्रमाण कमी दिसलं. हल्ली जास्त होतं ते ‘स्लीव्ह’. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दुर्बिणीतून हे काम दोन-अडीच तासांत उरकतं, तीन-चार दिवसांत माणूस घरी येतो.

घरी येतो, तिथून खरी गोष्ट सुरू होते. मोठ्या ऑपरेशनसाठी यवतमाळचा माणूस नागपूर गाठतो, उमरखेडकडच्यांना नांदेड जवळ पडतं. ऑपरेशन दीडशे किलोमीटरवर आणि त्यानंतरचं सारं आयुष्य इथे, या पाण्यावर, या पंगतीत, या दवाखान्यांच्या भरवशावर. या दुसऱ्या भागाची तयारी करणं हे आज कोणाचंच काम नाही, आणि ऑपरेशनं फसतात ती बहुतेक इथेच.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास साधं जेवण. कागदावर सोपं आहे. पण पहिल्यांदा साधं जेवायला बसलेल्या माणसासमोर अर्धी वाटी मऊ भात-वरण असतं आणि लहान चमचा असतो. एकेक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा, अर्धी वाटी संपवायला वीस मिनिटं लावायची. चौथ्या-पाचव्या घासाला उचकी लागते किंवा नाकातून पाणी येतं. ही पोटाची सूचना असते. ती न ऐकता आणखी एकच घास घेतला की छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर घाम येतो आणि शेवटी उलटी होते, तीही अन्नाची कमी आणि फेसाची जास्त. समोर बसलेल्या आईला वाटतं, पोराचं काहीतरी बिघडलं.

बिघडलेलं काही नसतं. मात्र उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर तातडीने सर्जनकडे जायला हवं. अशा वेळी ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. गावातल्या दवाखान्यात साध्या ग्लुकोजच्या बाटलीवर भागवणं तर आणखी धोक्याचं, कारण ब-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर ती अवस्था बळावते.

आहारतज्ज्ञाने दिलेला छापील कागद बहुधा मोठ्या शहरातला असतो. त्यात ब्रोकोली असते, टोफू असतो, ग्रीक योगर्ट असतं. वणीच्या बाजारात हे शोधणाऱ्याने करायचं काय? खरं तर वऱ्हाडी स्वयंपाकात या पोटाला चालणारं पुष्कळ आहे. कोरडा झुणका अडकतो, पण पातळ पिठलं सरकतं. भाकरीचा कोरडा तुकडा नको, तीच भाकरी वरणात कुस्करली तर चालते. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, कमी तेलाचं वांग्याचं भरीत, मुगाचं घट्ट वरण, सगळं घरातलंच. तर्री मात्र बराच काळ लांब ठेवावी लागते, सावजी रस्सा त्याहून लांब.

अडचण प्रथिनांची. रोज ६० ते ८० ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, पन्नास ग्रॅम पनीरात ९, तुरीच्या घट्ट वरणाच्या वाटीत ६ ते ७. एवढं सगळं त्या लहानशा पोटात कसंबसं गेलं तरी बेरीज पस्तीसच्या आसपासच थांबते. मग प्रथिनांच्या पावडरचा महागडा डबा नागपूरहून येतो. तो येतो त्या जिल्ह्यात, जिथे कापसाच्या खालोखाल सोयाबीनचाच पेरा असतो. सोयाबीनच्या दाण्यात शंभर ग्रॅममागे ३५ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात आणि बाजारात मिळणाऱ्या कोरड्या सोयावड्यांत पन्नासच्या वर. पंचवीस ग्रॅम वड्या भिजवून, पिळून, बारीक करून पिठल्यात घातल्या तर बेरजेत बारा-तेरा ग्रॅमची भर पडते. पण आपलं सोयाबीन पोत्यातून बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या गिरणीत, आणि घरच्या ताटात क्वचितच येतं.

पाण्याचा प्रश्न त्याहून अवघड. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही आणि एरवीही एकदम तांब्या तोंडाला लावायचा नाही. दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात गेलं पाहिजे, तेही घोट-घोट. जुलैत हे जमतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना शेतातून आलेल्या किंवा टप तापलेल्या एसटीतून उतरलेल्या माणसाला जमणं कठीण. त्यात रस्त्याला रसवंतीचं चाक फिरत असतं. बायपास झालेल्याने उसाचा ग्लासभर रस एका दमात प्यायला तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब सुरू होऊ शकतात, कारण एवढी साखर थेट आतड्यात उतरते. ऑपरेशन शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडावर ठरवू नये, असा सल्ला विदर्भातल्या प्रत्येक सर्जनने द्यायला हवा.

आणि मग पंगत. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरण, त्यावर तुपाची धार. पाहुण्याच्या ताटात दोन चमचे पुरण आणि अर्धी वाटी कढी दिसली की वाढणारीचा हात थांबत नाही. ‘काऊन जी, एवढंसंच? घ्या ना, एका पोळीनं काय होते?’ नाही म्हणावं तर देवीचा प्रसाद, हो म्हणावं तर मागच्या दाराने ओकारी. वऱ्हाडी पाहुणचाराचं कौतुक खूप झालं. आग्रह करून वाढणं हा प्रेमाचा भाग असेलही, पण ज्याचं जठर कापलेलं आहे त्याच्यावर तो सरळ जुलूम आहे, हे आता स्पष्ट बोललं पाहिजे.

घराबाहेरचे सल्ले वेगळेच. काही वर्षांपूर्वी मराठी घरांत दीक्षित की दिवेकर असा सामना रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत दिवसातून दोनदाच जेवायला सांगितलं, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगत होत्या. ज्याला त्याला आपापला गुरू लखलाभ. पण ऑपरेशन झालेल्याला ‘दोनदाच जेव’ हे सांगणं म्हणजे प्रथिनांचा आणि पाण्याचा सगळा हिशेब मोडणं. त्याला सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं-थोडं खावंच लागतं. निर्जळी उपवास आणि रोजेही निदान पहिल्या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे; कळंबच्या चिंतामणीला तेवढी सूट मागायला हरकत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. बहुतेकांचे परत येतात, पण तोवर गावाने निदान करून टाकलेलं असतं. ‘काऊन वाळली वं बाई? काही मोठं तर नाही निघालं?’ जाडेपणावरून टोमणे मारणारीच तोंडं आता कीव करतात. लग्नाआधी वजन उतरावं म्हणून ज्या मुलींचं ऑपरेशन होतं, त्यांची कोंडी आणखी वेगळी. त्यानंतरचे बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते आणि वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते. सासरी मात्र पहिल्या वर्षीच गोड बातमीची चौकशी सुरू होते. हे मुलाकडच्यांना आधी सांगायचं की लपवायचं, यावर घराघरांत रात्र-रात्र खल चालतो. सांगावं. लपवलेल्या ऑपरेशनच्या गोळ्याही लपूनच घ्याव्या लागतात आणि मग त्या घेतल्या जात नाहीत.

तंबाखूचा खर्रा हा आपल्याकडचा खास धोका. पानठेल्यावरची पुडी तोंडात धरणारा माणूस ‘मी काही सिगारेट ओढत नाही’ म्हणून सर्जनसमोर सुटतो. बायपासच्या जोडावर अल्सर होण्यात तंबाखूच्या धुराचा वाटा सिद्ध झालेला आहे, आणि तंबाखू कोणत्याही रूपात सोडा असंच डॉक्टर सांगतात. दुसरा धोका मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळीचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या या पोटाला अल्सर करतात. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते आणि ऑपरेशननंतर काहींना तिचं व्यसन नव्याने लागतं. वजन पुन्हा वाढतं तेही गुपचूप. भाकरी अडकते, पण चहात बुडवलेलं बिस्किट अलगद उतरतं. दिवसातून पाच चहा आणि पंधरा बिस्किटं, की दोन-तीन वर्षांत काटा परत वर सरकायला लागतो.

गोळ्यांचा हिशेब आयुष्यभराचा आहे. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती अंगी फारशी लागतच नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात रक्त तपासायचं आणि पुढे दरवर्षी. ब-१२ ची कमतरता दोन-तीन वर्षांनी पायाला मुंग्या आणून समोर येते, तेव्हा ऑपरेशनशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्यांचे डोस वेळेत कमी केले नाहीत तर साखर किंवा बीपी एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो, हेही गावातल्या डॉक्टरला कोणीतरी कळवायला हवं. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनी बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असेल, तर या ऑपरेशनचा खर्च विम्यातून मिळण्याची वाट खुली केली. पण पुढच्या तीस वर्षांच्या गोळ्या आणि तपासण्या रुग्णाच्याच खिशातून जातात.

यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी राखून ठेवता येईल. एक फिजिशियन, वऱ्हाडी जेवण ठाऊक असलेली एक आहारतज्ज्ञ आणि चार रक्ततपासण्या, यासाठी नवी इमारत किंवा नवी योजना लागत नाही. ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांनीही डिस्चार्ज कार्डाबरोबर गावातल्या डॉक्टरच्या नावाने मराठीत एक पान लिहून द्यावं. कोणतं ऑपरेशन झालं, कोणत्या गोळ्या चालत नाहीत, उलटी थांबत नसेल तर ब-१ आधी द्यायचं आणि फोन कुठे करायचा, एवढं त्यात पुरे.

आणि ज्यांनी ऑपरेशनचं मनावर घेतलं आहे, त्यांनी तारीख ठरवण्याआधी सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा: दोन वर्षांनंतर माझं रक्त कोण तपासणार, आणि कुठे? उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.