कचऱ्यावरचं रान आणि चारठाण्याची बारव

धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे. तिथं पूर्वी मुंबईचा कचरा पडायचा. १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. आज झाडीत फुलपाखरं दिसतात आणि पलीकडं खाडीच्या काळ्या चिखलातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. म्हणजे नासलेली जमीनही सावरते. मात्र तिला मोकळं सोडावं लागतं.

एवढ्या महाग जागेत घरं का नकोत, हा प्रश्न रास्त आहे. धारावीतली दाटी कुणी नाकारत नाही. पण २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीनं काठ सोडले. नदीकाठची मोकळी माती पाणी जिरवते. काँक्रीट ते शेजाऱ्याच्या घरात ढकलतं. घरं दुसरीकडं बांधता येतात, नदीकाठ नाही.

आपल्या चारठाणा गावाला हे सगळं दूरचं वाटेल. पण जुनी मंदिरं आणि बारव सांभाळणाऱ्या या गावाला पाण्याच्या जागेची किंमत कुणी शिकवायला नको. मुंबईला कचऱ्यावर माती टाकून नव्यानं सुरुवात करावी लागली. आपल्याकडं चिरेबंदी पायऱ्या आयत्या आहेत. ग्रामपंचायतीनं बारवेत येणाऱ्या पाण्याच्या वाटा यंदा पावसाळ्याआधी मोकळ्या कराव्यात.